ग्रॅहमचा नियम: गणितं कशी सोडवायची आणि हळदीच्या कागदावर कसं बघायचं

अकरावी-बारावीतल्या पोरांना ग्रॅहमचा नियम (गॅस बाहेर पडण्याचा रेट त्याच्या मोलर मासच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे हलका गॅस लवकर) पाठ असतो, एका दमात म्हणून दाखवतात, आणि गणित समोर आलं की वर कोण लिहायचं आणि खाली कोण यातच अर्धा वेळ जातो. त्यामुळे फॉर्म्युला जरा बाजूला ठेवा आणि आधी नक्की काय चाललंय ते बघू.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इफ्युजन म्हणजे डब्याला अगदी बारीक भोक आहे, इतकं बारीक की रेणू एकेकटा, दुसऱ्याला न धडकता बाहेर पडतो, आणि पलीकडे जवळपास निर्वात. डिफ्युजन म्हणजे एक गॅस दुसऱ्यात मिसळत जातो, वाटेत सारखी धडकाधडकी. पुस्तकात दोन्हीला एकच फॉर्म्युला देतात, पण तो खरा फिट्ट बसतो इफ्युजनला, डिफ्युजनला आपला अंदाजापुरता. थॉमस ग्रॅहम हा स्कॉटलंडचा केमिस्ट, त्याने १८३३ साली प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूच लावलेल्या नळीतून गॅस जाऊ देऊन हा नियम मांडला, बारीक भोकाचे प्रयोग त्याने नंतर केले.

आता कारण. टेम्परेचर सारखं असेल तर सगळ्या गॅसच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, मग जो हलका त्याला तेवढ्याच ऊर्जेत जास्त वेगाने पळावं लागतं. २५ अंशाला हायड्रोजन सेकंदाला साधारण १९०० मीटर, ऑक्सिजन ४८० च्या आसपास. वस्तुमान १६ पट पण वेगात फरक फक्त ४ पट, कारण मधे वर्गमूळ बसलंय. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला गेला म्हणून गॅस लय पळतो असं काही नाही बरं का, टेम्परेचर केल्विनमध्ये धरायचं (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून), २९८ चं ३१५ झालं, वर्गमूळ काढलं की वेग जेमतेम ३ टक्के वाढतो. आपला जीव जातो तो वेगळा विषय.

गणित करताना पहिलं काम, कागदावर लिहा: हलका कोण? तोच आधी बाहेर पडणार. मग पहिल्याचा रेट (ठरावीक वेळात किती गॅस बाहेर पडला) भागिले दुसऱ्याचा रेट = √(दुसऱ्याचा मोलर मास ÷ पहिल्याचा मोलर मास). मोलर मास म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान. उत्तर आलं की परत बघा, हलक्याचा रेट जास्त आलाय ना? नसेल तर उलटं लिहिलंय, पूर्ण गणित परत करत बसू नका, नुसतं उलटवा.

दुसरं, प्रश्नात रेट दिलाय की वेळ ते बघा, निम्मे मार्क इथेच जातात. सारख्याच व्हॉल्यूमला लागणारा वेळ असेल तर सगळं उलटं होतं, जड गॅसला वेळ जास्त. उदाहरण: एका अनोळखी गॅसला मिथेनच्या (मास १६) दुप्पट वेळ लागला. मग २ = √(गॅसचा मास ÷ १६), वर्ग केला ४, गॅसचा मास ६४, म्हणजे सल्फर डायऑक्साइड असू शकतो. एवढंच असतंय.

तिसरं, ऑक्सिजनला १६ धरू नका, ३२ धरा, कारण त्याचा रेणू दोन अणूंचा. नायट्रोजन २८, क्लोरीन ७१. हिलियम मात्र एकटा फिरतो, ४ च.

आता प्रत्यक्ष बघायचं असेल तर कल्हईवाले वापरतात तो नवसागर (अमोनियम क्लोराइड) चिमूटभर आणि पानाच्या टपरीवरचा चुना घ्या, दोन्ही कालवले की अमोनिया सुटतो, नाकात झणका बसतोच. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपचा हातभर तुकडा घ्या. साध्या पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, बारीक तुकडे करा, दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर बांधा, किंचित ओले करा आणि दोरा पाइपमध्ये ओवा. इअर बडला ते मिश्रण लावून एका टोकात घाला, दोन्ही टोकं कणकेच्या गोळ्याने बंद करा. अमोनिया पोचला की पहिला पिवळा तुकडा कडेने तांबूस होत जातो, मग पूर्ण कुंकवासारखा, मग पुढचा, पण दुप्पट अंतरावरच्या तुकड्याला दुप्पट नाही तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कागद बाहेर काढून ठेवला की अमोनिया उडून जातो आणि तो परत पिवळा व्हायला लागतो. खिडकी उघडी ठेवा, मिश्रण चिमटीभरच करा, आणि त्यात दुसरं काही, विशेषतः ब्लीच किंवा ॲसिड, अजिबात घालू नका.

आता पोरं विचारतात की अमोनियाचा रेणू सेकंदाला ६५० मीटरच्या वर पळतो, मग हातभर पाइपला इतका वेळ का? सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत शिरून बघा म्हणजे कळेल, पाय जोरात चालतात पण प्रत्येक पावलाला कुणीतरी धडकतो आणि दिशा बदलते. म्हणूनच कॉलेजच्या लॅबमधला तो फेमस प्रयोग, नळीच्या एका टोकाला अमोनिया आणि दुसऱ्याला हायड्रोजन क्लोराइड, तो पुस्तकाच्या आकड्याला तंतोतंत जुळत नाही. मास १७ आणि ३६.५, हिशोबाने अमोनिया १.४६ पट पळतो, म्हणजे १०० सेमी नळीत पांढरं कडं अमोनियाच्या टोकापासून ५९ सेमीवर यायला पाहिजे. कडं हायड्रोजन क्लोराइडच्या बाजूलाच येतं, पण नळीत हवा भरलेली असल्याने आकडा सरकतो. आणि ते पांढरं कडं म्हणजे दुसरं काही नाही, आपला नवसागरच. (हा प्रयोग घरी नाही, लॅबमध्ये सरांसमोर.)

एक खटकणारी गोष्ट, फुग्याचं उदाहरण सगळीकडे देतात, हिलियम हलका म्हणून फुगा लवकर बसतो वगैरे. अर्धंच खरं आहे. रबरात नुसती भोकं नसतात, गॅस रबरात विरघळून पलीकडे निघतो, त्यामुळे ४४ चा कार्बन डायऑक्साइड २८ च्या नायट्रोजनपेक्षा कितीतरी लवकर निसटतो, इथे ग्रॅहम लावला की फसलात. तसंच एलपीजी लीक झाला की जमिनीलगत पसरतो ते घनतेमुळे, प्रोपेन ४४, ब्यूटेन ५८ आणि हवा सरासरी २९, त्याचाही या नियमाशी संबंध जोडू नका.

नियमाचा मोठा वापर झाला तो युरेनियममध्ये. युरेनियम-२३५ आणि २३८ वेगळे करायला त्यांचा गॅस केला, युरेनियम हेक्झाफ्लोराइडचे दोन प्रकार, मास ३४९ आणि ३५२, वर्गमूळ काढलं की फरक १.००४३ पट. एकदा गाळून काहीच होत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिजला हजारो टप्पे एकामागे एक लावले होते.

शेवटचा ट्रॅप, प्रेशर. दोन गॅसचं प्रेशर वेगळं असेल तर रेट प्रेशरच्या सम प्रमाणात वाढतो. हिलियम १ ॲटमॉस्फिअर आणि मिथेन २, भोक सारखंच, टेम्परेचरही सारखंच: हिलियमचं १ ÷ √४ = ०.५, मिथेनचं २ ÷ √१६ = ०.५. दोघं बरोबरीत, आणि प्रेशर विसरणाऱ्यांसाठी ऑप्शनमध्ये २:१ हमखास दिलेलं असतं.