तिरका टाक वापरताना या चुका टाळा

कॉपरप्लेट, म्हणजे तिरकं वळणदार इंग्रजी सुलेखन, शिकायला लागले तेव्हा पहिला महिनाभर माझी निब वर जाणाऱ्या रेघेला हमखास कागदात रुतायची आणि शाईचे बारीक शिंतोडे उडायचे. हात जड आहे असं समजून मी पानंच्या पानं गिरवली. दोष हाताचा नव्हताच, निब धरणारी पितळी पट्टी वाकडी बसली होती.

ही अक्षरं ओळीशी साधारण 55 अंशांत कलतात. उजव्या हाताचं मनगट तेवढं वळवावं लागू नये म्हणून तिरक्या टाकात पट्टी दांडीच्या डाव्या अंगाला असते आणि निबेचं तोंड उजवीकडे. डावखुऱ्यांपैकी अनेकांना साधा सरळ टाकच सोयीचा पडतो, त्यांनी आधी तोच हातात घेऊन बघावा.

सगळ्यात जास्त चुकतं ते निब किती आत सरकवायची हे. दांडी आडवी धरून वरून बघा. दांडीची मधली रेघ मनातल्या मनात पुढे वाढवली, तर निबेचं टोक बरोबर तिच्यावर यायला हवं. निब जास्त बाहेर राहिली की टोक रेघ ओलांडून उजवीकडे जातं, जास्त आत गेली की डावीकडेच राहतं. मग बोटांत दांडी जराशी फिरली तरी टोक झोल खातं आणि रेघ थरथरते.

आता समोरून बघा. निबेची दोन्ही पाती, म्हणजे मधल्या चिरेच्या दोन बाजू, एकदम कागदाला टेकतात का? एक आधी टेकत असेल तर रुतणार तेच. निब काढा, पट्टीवर कापड गुंडाळा आणि पकडीने अगदी किंचित पिळा. हे पितळी पट्टीचं झालं. प्लॅस्टिकची पिळायला जाऊ नका, तुटेल.

जाड रेघेची एकच कड खरबरीत येते? निबेची चीर रेघेच्या दिशेत नाही. आधी कागद फिरवून बघा, पट्टीला हात नंतर.

निब डुगडुगत असेल तर पट्टी तिच्या मापाची नाही. नवशिक्यांनी निक्को जी नावाची निब घ्यावी, ती ताठ असते, आणि पट्टी तिच्याच मापाची मागावी. हंट 102 सारख्या नळीदार बारीक निबेला वेगळाच टाक लागतो.

नव्या निबेवर शाईचे थेंब गोळा होत असतील तर मात्र पट्टी पिळत बसू नका. ते कारखान्यातलं तेल आहे, साबणाच्या पाण्याने धुऊन निब कोरडी पुसा.