क्षमता नियोजनासाठी आधी माणसांना विचारा

सर्व्हरची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव मांडण्यापूर्वी केवळ देखरेख प्रणालीच्या आलेखांवर विसंबू नये. प्रोसेसर ९० टक्क्यांवर गेला हे आलेख दाखवतो. तो का गेला, हे बहुधा लेखा विभागातील एखाद्या लिपिकालाच ठाऊक असते. म्हणून यंत्रणा रोज वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घ्याव्यात, त्याही प्रत्येकाच्या स्वतंत्र आणि शक्यतो वरिष्ठांच्या अनुपस्थितीत. ‘यंत्रणा पुरेशी आहे का?’ असे विचारल्यास ‘हळू चालते’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘गेल्या ३१ मार्चला दुपारी तुम्ही नेमके काय करत होता?’ असे विचारावे. मग कळते की अहवाल लवकर उघडत नाही म्हणून तीच कळ तीनदा दाबली जाते आणि एकाच कामाचा भार तिप्पट होतो. अशा ठिकाणी नवा सर्व्हर नव्हे, तर त्या अहवालाची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा) सुधारणे हा स्वस्त उपाय ठरतो.

सर्व विभागांची एकत्र कार्यशाळा मुलाखतींनंतरच घ्यावी, कारण थेट सभेत मोठ्या आवाजाचेच म्हणणे नोंदले जाते. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावून पगाराचे दिवस, जीएसटी विवरणपत्राची मुदत, रात्रीचा बॅकअप आणि येऊ घातलेल्या योजना त्यावर प्रत्येक विभागाने स्वतः लिहाव्यात. बॅकअप लांबून सकाळच्या कामात घुसतो, हे तिथे अनेकदा प्रथमच उघड होते. प्रत्येक नोंदीपुढे अपेक्षित व्यवहारांची संख्या मागावी. लोकांचे अंदाज मात्र फुगलेले असू शकतात, त्यामुळे ते मागील वर्षाच्या लॉगशी (यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदींशी) ताडूनच खरेदीच्या प्रस्तावात घ्यावेत.