नेपाळच्या शाळेत शिकवायला जाताय? मी केलेल्या या चुका टाळा

डिग्री झाल्यावर एक वर्ष गॅप घेतला आणि त्यातले चार महिने नेपाळमध्ये, गोरखा जिल्ह्यातल्या एका सामुदायिक शाळेत (आपली सरकारी शाळा समजा) इंग्रजी शिकवलं. व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी, जेवण वरणभात, मग अवघड काय आहे असं वाटलेलं. पण निम्म्या चुका मी बॉर्डर ओलांडायच्या आधीच करून बसलो होतो.

सगळ्यात मोठी घोडचूक तारखेची. सप्टेंबर संपताना पोचलो आणि पाचव्या दिवशी शाळा बंद! दसैं. आपल्याकडे दसऱ्याला एक सुट्टी म्हणून मी हिशोबातच धरलं नव्हतं, तिकडे घटस्थापनेपासूनच सगळे गावाकडे निघतात, मग कोजागिरीपर्यंत मोठ्यांकडून टीका म्हणजे कपाळाला टिळा लावून घेणं, मग तिहार म्हणजे दिवाळी, मग काही भागात छठ, असं करत जवळपास महिनाभर शाळा धड भरतच नाही. रोज कुणाच्या तरी घरी दही-तांदळाची लाल टीका लावून घेत मटण खात बसलो, मजा आली, खोटं कशाला बोलू, पण शिकवलं शून्य. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे साधारण एप्रिलच्या मध्याला. तेव्हा जा, नाहीतर सरळ तिहारनंतर. पावसाळ्यात दरडी पडून रस्ते अडतात, तो काळ टाळाच. आणि मी होतो तेव्हा शनिवारी सुट्टी असायची, रविवारी शाळा, हे अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले.

दुसरी चूक, स्वयंसेवक पाठवणाऱ्या एजन्सीला पैसे भरून मोकळा झालो. शाळेत गेल्यावर हेडसरांशी बोलताना कळलं की त्यातलं शाळेपर्यंत काहीच आलं नव्हतं. आधी हेडसरांचा नंबर मागा, फोन करा, तुम्हाला कोणता वर्ग, कोणता विषय, आधीचे शिक्षक कुठे जाणार हे विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. आणि कुणी ‘अनाथालयात शिकवा’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आईवडील असलेली मुलंसुद्धा अशा ठिकाणी आणून ठेवल्याचे प्रकार नेपाळमध्ये उघड झालेत.

आता वर्गातलं. पहिल्या दिवशी सहावीला ‘माय नेम इज’ शिकवायला घेतलं, तर अख्ख्या वर्गाने नाव, गाव, आवडता रंग, आवडतं फळ सगळं एका दमात घडाघडा म्हणून दाखवलं. मी खूश. मग एकीला विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? चिडीचूप. माझ्या आधी आलेल्या प्रत्येकाने तेच पहिले चार धडे शिकवले होते आणि पुढे सरकायच्या आत तो परत गेला होता! तेव्हा आल्या आल्या तिथल्या इंग्रजीच्या मिसना पुस्तक कुठवर आलंय ते विचारा, त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसा, मग दोघं मिळून शिकवा. त्यांना घरी बसवून तास तुम्हीच घ्यायचा नाही, तुम्ही निघून गेल्यावर वर्ग त्यांनाच सांभाळायचाय. मी जाताना काय झालं, काय राहिलं याची एक वही मिसकडे ठेवली, ती आल्या दिवसापासून लिहायला हवी होती.

भाषेत तर आपण मराठी लोक फार सहज फसतो. हेडसर म्हणाले, ‘आज घाम लागेको छ’ आणि मी रुमाल काढून कपाळ पुसायला लागलो. नेपाळीत घाम म्हणजे ऊन! शिक्षा म्हणजे शिक्षण, जाडो म्हणजे थंडी. हिंदी बऱ्याच जणांना कळते, पण सुरुवात नेपाळीतून करा आणि मोठ्यांना ‘तपाईं’च म्हणा, ‘तिमी’ नको.

किरकोळ पण त्रास देणाऱ्या गोष्टी: विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर भागत नाही. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा ‘आयसी की एनसी’ विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी, कारण आपले 100 म्हणजे त्यांचे 160. भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि मग टेकडीवर चढून रेंज शोधत नाचावं लागतं. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा.

शेवटची चूक करता करता वाचलो. आपल्याकडे सोसायटीच्या वॉचमनला सर्रास ‘बहादूर’ म्हणतात, त्यावरचा एक जोक मी स्टाफरूममध्ये सांगणार होतो. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतला एकजण जवळ आला, सर तुम्ही पुण्याचे ना? माझे बुवा हडपसरला आहेत, बिल्डिंगमध्ये. बुवा म्हणजे वडील. जोक घशातच राहिला. हडपसर तुमच्या घरापासून चालत किती लांब, हे त्याने मला चार महिन्यांत दहा वेळा तरी विचारलं असेल. परतताना सॅकमध्ये थोडी जागा ठेवा, मी ठेवली नव्हती, त्याच्या आईने वडिलांसाठी दिलेली गुन्द्रुकची (आंबवून वाळवलेली पालेभाजी) पिशवी मग हातात धरूनच सोनौलीच्या बॉर्डरपर्यंत आलो, आणि त्या आंबूस वासाने बसमधले सगळे माझ्याकडे बघत होते.