परदेशात गाडी चालवायचीय? आधी लायसन्सची तारीख बघा

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट वर्षभर चालतं, पण लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर परमिटही तिथेच संपतं. म्हणून आधी लायसन्सचं नूतनीकरण करा. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून ते करता येतं.

१. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर टाकून परमिटचा अर्ज भरा (नमुना ४-ए). फी १००० रुपये.
२. लायसन्स, पासपोर्ट नि मागितल्यास व्हिसा जोडा. लायसन्सवर ठाण्याचा जुना पत्ता आणि राहणं आता नेरूळला, असं असेल तर पत्ता आधी बदला.
३. परमिट हातात आल्यावर नाव पासपोर्टशी ताडून बघा, वाहनाचे शिक्केही तपासा. बालीत स्कूटर भाड्याने घेणार असाल तर दुचाकीचा शिक्का हवाच, नुसता कारचा चालत नाही.

मूळ लायसन्स सोबत ठेवा. त्याच्याशिवाय परमिट ग्राह्य धरत नाहीत.