होलोकॉस्टमधून वाचलेल्या आजींकडे जाताना

होलोकॉस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने केलेलं ज्यूंचं हत्याकांड. त्यातून वाचलेल्या आणि आज हयात असलेल्या बहुतेक आजी तेव्हा लहान मुली होत्या. 1938 साली जन्मलेली मुलगी युद्ध संपलं तेव्हा सात वर्षांची होती. तिला तारखा सांगता येत नाहीत. तळघरातला अंधार, कुत्र्यांचं भुंकणं, आईच्या कोटाचा वास सांगता येतो. सगळ्या छावणीत होत्या असंही नाही. कुणी मठात नाव बदलून राहिली, कुणी 1938-39 मध्ये किंडरट्रान्सपोर्टच्या, म्हणजे ज्यू मुलांना सुरक्षित ठिकाणी नेणाऱ्या मोहिमेच्या आगगाडीने आईवडिलांना सोडून ब्रिटनला गेली. म्हणून आठवडाभर आधी फोन करून जन्मगाव, जन्मसाल आणि बोलायला सोपी जाणारी भाषा विचारून घ्या. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, तेव्हा फोन करू नका.

मग नकाशा काढून बसा. गावाची नावं बदलली आहेत, देशही. आज रोमेनियात असलेलं क्लुज 1940 ते 1944 हंगेरीत होतं आणि त्याला कोलोझ्वार म्हणत. हंगेरीच्या ताब्यातल्या मुलखातून 15 मे ते 9 जुलै 1944 या आठ आठवड्यांत सुमारे 4 लाख 40 हजार ज्यूंना नेलं, बहुतेकांना आउशवित्झला, म्हणजे नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या मृत्युछावणीत. एवढं वाचून गेलात तर आजींची ताकद तुम्हाला इतिहास शिकवण्यात जात नाही.

जाण्यापूर्वी स्वतःकडे एकदा बघा. गळ्यातलं लॉकेट, किल्लीची साखळी, मिठाईचा खोका, लग्नपत्रिका, यांवर स्वस्तिक असेल तर घरी ठेवा. आपल्यासाठी ते शुभ असलं तरी त्यांच्या दारात ते समजावत बसण्याची ती वेळ नव्हे. आणि कडक साहेबाला 'हिटलर' म्हणायची आपल्याकडची सवय तिथे तोंडातून निसटू देऊ नका. घरी केलेला खाऊ कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमात बसत नाही, त्यामुळे आधी विचारा. न विचारता न्यायचंच असेल तर फुलं न्या.

बसताना त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, पण समोरून चेहरा दिसेल असं बसा. उजेड तुमच्या तोंडावर हवा. खिडकीला पाठ केलीत तर त्यांना तुमचे ओठ दिसत नाहीत. पाण्याचा पेला हाताशी असू द्या. फोन पूर्ण बंद करा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी आधी लेखी घ्या, कुणाला ऐकवणार तेही त्यात लिहा. दोन यंत्रं ठेवा, एक हमखास दगा देतं. पंखा, एसी आणि फ्रिजची घरघर कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र तीच ऐकू येते. एका बैठकीला 45 मिनिटं ते तासभर पुरे.

भेट बिघडते ती बहुधा ऐकणाऱ्याच्या घाईने. पहिलाच प्रश्न छावणीचा येतो. त्याऐवजी घरापासून सुरुवात करा: शुक्रवारी संध्याकाळी काय शिजायचं, वडील काय करायचे, शाळेत शेजारी कोण बसायचं. काय हरवलं हे त्यातूनच कळतं. 1945 नंतरचंही विचारा, कारण गावी परतल्यावर घरात दुसरंच कुटुंब राहत होतं, हा भाग बऱ्याचदा विचारलाच जात नाही. 'पळून का नाही गेलात?' हा प्रश्न नको, त्यात दोष देण्याचा सूर आहे. 'हातावरचा नंबर दाखवा' तर नकोच. कैद्यांच्या हातावर नंबर गोंदले जात ते आउशवित्झमध्ये, आणि तिथेही थेट गॅसचेंबरकडे नेलेल्यांना नाही. त्यामुळे नंबर नसणं हा कशाचाही पुरावा नव्हे.

त्या गप्प झाल्या तर मनात दहा अंक मोजा. खांद्यावर हात, 'जाऊ द्या आजी', टिश्यू पुढे करणं, यातलं काहीही लगेच नको. पुष्कळदा पुढचं वाक्य त्या शांततेनंतरच येतं. थांबू का, एवढं विचारायला हरकत नाही. एखादं साल चुकलं तर मध्येच सुधारू नका. नंतर आरोल्सन आर्काइव्हज या नाझी छळाच्या कागदपत्रांच्या जर्मनीतल्या संग्रहाच्या ऑनलाइन नोंदींत नाव शोधता येतं, पण नावाची चार-पाच स्पेलिंग्ज करून बघावी लागतात.

शेवटची पंधरा मिनिटं साध्या गप्पांसाठी राखून ठेवा: नातवंडं, बाल्कनीतली झाडं, गुडघे. आठवणी उपसून लगेच उठून गेलात तर त्यांची रात्र जड जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून झोप लागली का विचारा, आणि महिन्याच्या आत रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्या मुलांकडे पोहोचवा.