निवारा केंद्रात प्रथमच काम करणाऱ्यांसाठी

आपत्तीनंतरच्या निवारा केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या नवख्यांची पहिली पाळी बहुधा नावनोंदणी, पाण्याची रांग आणि अंथरुणांची मोजदाद यांतच जाते, आणि आपण कोणाचे सांत्वन केलेच नाही, अशी रुखरुख त्यांना लागते. माझा अनुभव असा की, घराबरोबर ज्यांच्या हातून रोजचे साधे निर्णयही निसटले आहेत, त्या कुटुंबांना "जागा भिंतीकडेला हवी की दाराजवळ?" या प्रश्नानेही धीर येतो.

स्फिअर या मानवतावादी मदतीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार राहण्यासाठी माणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, दररोज १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय असावे. सुरुवातीच्या दिवसांत हे क्वचितच जमते. तरीही हे आकडे पाठ असावेत, कारण केंद्रातल्या पुष्कळशा भांडणांचे मूळ स्वभावात नसून टंचाईत असते. शौचालय दूर आणि अंधारात आहे म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बाईला उपदेशाची नव्हे, दिव्याची आणि आतून लागणाऱ्या कडीची गरज असते. ती स्वतःहून हे सांगत नाही. विचारावे लागते, तेही शक्यतो स्त्री स्वयंसेवकाने.

बोलण्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका अवश्य वाचावी. पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे ही तिची त्रिसूत्री आहे, आणि घडलेला प्रसंग खोदून खोदून विचारू नये, असे ती बजावते. बोलायचे नसेल त्याच्याजवळ नुसते बसावे. "सगळे ठीक होईल" असे आश्वासन मात्र देऊ नये, कारण ते पाळणे आपल्या हाती नसते.

एकट्या सापडलेल्या मुलाच्या बाबतीत दया कठोर दिसली तरी चालेल: नातेवाईक म्हणवणाऱ्याच्या हाती मूल परस्पर सोपवू नये, त्याचे छायाचित्र कोठेही पाठवू नये आणि बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्यांना ताबडतोब कळवावे.

पाळी संपल्यावरही थांबून राहण्याचे कौतुक होते. मला ते पटत नाही, कारण थकलेला माणूस चिडतो आणि ती चीड रांगेतल्या माणसावर निघते. निघण्यापूर्वी कोणाचे औषध यायचे आहे, कोणाच्या नातेवाइकाचा शोध चालू आहे, हे वहीत लिहून पुढच्या स्वयंसेवकाला सांगावे आणि त्याची त्या कुटुंबांशी ओळख करून द्यावी.