घरच्या स्वस्त कोरल टाकीत या चुका टाळा : झोआ मिटले की आधी पाणी बघा

काहीतरी बिनसलं की झोआ, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीतले फुलांसारखे दिसणारे छोटे मऊ कोरल (प्रवाळ), मिटतात. दिवा लागून दोन तास झाले तरी शर्टाच्या बटणाएवढ्या तोंडांभोवतीची झालर उघडत नाही, देठ आखडलेले असतात आणि वर पातळसा बुळबुळीत पापुद्रा येतो. सांगलीत घरी ही टाकी चालवताना पहिल्या वर्षी मी हे कितीतरी वेळा पाहिलं. दर वेळी दिवा वर-खाली करून बघितला. दिव्याची चूक एकदाच निघाली, बाकी सगळ्या वेळी पाणी चुकलं होतं. म्हणून कमी बजेटवाल्यांना माझं सांगणं एकच : महागडा दिवा नंतर घ्या, आधी पाणी आणि ते मोजायची साधनं घ्या.

पण त्याआधी कायद्याचं. रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ‘छोटासा तुकडा आहे, कोण बघतंय’ म्हणत कोणी दिला तरी घेऊ नका आणि मालवणला फिरायला गेलात तर तिथून काही उचलून आणू नका. मेलेल्या प्रवाळाचे दगडही नकोत, सजावटीला सच्छिद्र सिरॅमिकचे दगड चालतात. मी फक्त झोआ आणि मशरूम (छत्रीसारखे चपटे मऊ कोरल) वाढवतो, तेही दुसऱ्याच्या टाकीत वाढलेले, बिलासकट घेतलेले.

टाकी साधीच आहे. २४ बाय १८ इंच, उंची १२ इंच, काच ६ मिमी. दगड धरून जवळपास ६० लिटर पाणी बसतं. उथळ टाकीत साधा एलईडीसुद्धा तळापर्यंत पोचतो आणि तुकडे हाताशी राहतात. फ्रॅग (कोरलचे कापलेले तुकडे) ठेवायला फॉल्स सीलिंगच्या ट्यूबलाईटखाली असते ती पांढरी चौकोनी प्लास्टिक जाळी कापून घेतली. सांधे भरताना मात्र बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, त्यातलं औषध पाण्यात उतरतं.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, म्हणून मी ओळखीच्यांच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं. दोन दिवसांत मशरूम सुपारीएवढे आक्रसले, तिसऱ्या दिवशी दगडावरून सुटून तरंगायला लागले. मीठ, तापमान, सगळं जागेवर होतं. मग त्यांच्या आरओवरचं लेबल वाचलं : पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज. माणसाला चालणारं तांबं कोरल, शंख, कोळंबी यांना विष आहे. माझे सगळे मशरूम गेले. टाकी रिकामी करून दगडही बदलावे लागले.

साध्या घरगुती आरओतही एक भानगड असते. चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरच्या स्क्रूमधून थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, त्यामुळे मीटर ७०-८० दाखवतो. आणि उसाच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट असू शकतं, ते त्या मिसळीतून थेट टाकीत येतं. म्हणून वेगळा छोटा आरओ घ्या, पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचा) डबा जोडा आणि टीडीएस मीटर शून्य किंवा एक दाखवेपर्यंत ते पाणी वापरू नका. मीटर काही शे रुपयांत मिळतो.

मीठ किराणा दुकानातलं नको, जाडंही नको. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागतं, ते योग्य प्रमाणात फक्त मत्स्यालयासाठीच्या मरीन सॉल्टमध्ये असतं. क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) ३५, म्हणजे हजार भागांत ३५ भाग, ठेवायची; त्यासाठी लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट लागतं. ते वेगळ्या बादलीत मिसळून रात्रभर फिरू द्या. आंबा घाट उतरून रत्नागिरीहून कॅन भरून आणायचा बेत बरेच जण करतात. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि बोटींचं डिझेल असतं, पावसाळ्यात तर ते गोड्या पाण्याने पातळ झालेलं असतं.

नवीन टाकीत घाणीतून तयार होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर तुकडे घेऊच नका.

सांगलीचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा आहे. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश असताना टाकी ३१-३२ वर जाते, आणि कोरलला २४ ते २७ हवं. पाण्यावर छोटा पंखा मारला की दोन-तीन अंश उतरतात. मग उरलेल्यासाठी टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा आणि दुपारी दिवा बंद ठेवून रात्री लावा. पण पंख्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. ६० लिटरमधून तीन दिवसांत ६ लिटर उडालं की क्षारता ३५ ची जवळपास ३९ होते. उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी ओतणं ही तर मी सगळ्यात जास्त ऐकलेली चूक. काचेवर टेपची खूण करा आणि रोज सकाळी मीठ न घातलेलं तेच आरओ-डीआयचं पाणी खुणेपर्यंत भरा. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) नुसत्या पाण्यावर नव्हे, ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्या.

वळवाच्या पावसात लाईट गेली की वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, तेव्हा सेलवरचा एअर पंप उपयोगी पडतो. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा आणि बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, मिठाचा थर चढत चढत सॉकेटपर्यंत पोचतो.

झोआ कापताना तर कोणीही हयगय करू नये. काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा, हाताला जखम असेल तर कापणं दुसऱ्या दिवसावर टाका. आणि झोआ चिकटलेला दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात कधीही घालू नका, वाफेतून विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात गेली आहेत. घरात मुलं असतील तर ब्लेड आणि बादली लगेच धुऊन वेगळी ठेवा.

दिवा सुरुवातीला कमी जोरावर, सहा तास. रंग फिका पडला तर प्रकाश जास्त होतोय, देठ लांब होऊन वर ताणले तर कमी पडतोय.

आणि झोआ मिटलेच, तर आधी क्षारता, मग तापमान, मग अमोनिया, मग केएच मोजा. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, ते ८ ते ९ मध्ये हवं. सगळं बरोबर निघालं तर रात्री टॉर्च घेऊन बघा. देठांमध्ये तपकिरी, काचेसारखा पारदर्शक, लांब बोटांचा छोटा समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) दिसला तर तो एप्टेशिया, कोरलला त्रास देणारा उपद्रवी जीव. तो चिमट्याने खरवडू नका, त्याच्या उरलेल्या तुकड्यातून नवे उगवतात. एप्टेशिया असलेला तो फ्रॅग जाळीवरून उचलून वेगळ्या डब्यात ठेवा.